पोथीसाठी मिळालेला एकच रोल

माझ्या आचार्यांनी आपल्या हस्तलिखित पोथीच्या समासांत आयुष्यभर टिपणे लिहिली होती. ती अन्यत्र कोठेही नव्हती. पोथी जीर्ण झाली होती; वर्षश्राद्धानंतर ती कशेळीच्या खाडीत विसर्जित करावी, ही त्यांचीच इच्छा. तोवर पानांची छायाचित्रे घेण्याची अनुज्ञा मी त्यांच्या मुलाकडून मिळविली.

टेमघरला आमच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालत. ते सुरू असले की फरशी थरथरे आणि चित्रातले अक्षर पुसट येई. म्हणून मी दिवसाच्या लोडशेडिंगची वाट पाहत असे. वीज गेली, लूम थांबले, की खिडकीजवळ पान ठेवून श्वास रोखायचा आणि कळ दाबायची.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात येऊ लागले, की माझ्या कॅमेऱ्याची फिल्म बनविणारी परदेशी कंपनी तोट्यात आहे; कारखाना विकतील की बंद करतील, सांगता येत नाही. संध्या आटोपताच मी तीच बातमी शोधू लागलो. जपाची माळ हातात असे आणि मनात उरलेल्या पानांची संख्या.

चतुर्दशीला फोटोच्या दुकानात फिल्मचे तीन रोल असल्याचे कळले. परंतु चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा हे अनध्यायाचे, म्हणजे पठण वर्ज्य असलेले दिवस. पोथी उघडायचीच नाही, तर घाई कशाला, असे म्हणून मी घरी बसलो. द्वितीयेला गेलो, तेव्हा एकच शिल्लक होता.

"दोन कालच गेले, गुरुजी," दुकानदार म्हणाला. "आता नवीन माल न्हाय. कंपनीचाच भरवसा न्हाय, तर मी कोनाला फोन करू?"

"मुंबईत तरी मिळेल?"

"तिकडं पन तीच बोंब हाय. डिजिटल घ्या ना! एवढे मंत्र पाठ हायेत तुमचे, चार बटनं पाठ होनार न्हाईत?"

छत्तीस चित्रांचा रोल आणि चौतीस पृष्ठे उरलेली. चुकायला दोनच चित्रांची जागा होती. त्यानंतर वीज जाई ती रात्रीच. दिवसभर लूम खडखडत, आणि मी दिव्याच्या बटणाकडे पाहत येरझाऱ्या घालीत असे. पत्नी म्हणाली, "अहो, उभा गाव वीज यावी म्हणून देव पाण्यात घालतो, आणि तुम्ही ती जावी म्हणून!"

अष्टमीला सकाळी आचार्यांचा मुलगा पोथी न्यायला आला. विसर्जन दुसऱ्या दिवशी होते. तो चहा घेत असतानाच वीज गेली. लूम थांबले. अष्टमी, म्हणजे पुन्हा अनध्याय. मी हात धुतले, पोथीला नमस्कार केला आणि बासनाची गाठ सोडली.

त्याने कप खाली ठेवला. "बाबांनी अष्टमीला पोथी उघडलेली मी कधी पाहिली नाही."

"मीही नाही," मी म्हणालो. "त्या कडेने पान धर. हलू देऊ नकोस."

तो गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी त्याने पान धरले.