एक दाबा, दोन दाबा, नाहीतर सरोजक्का

टेलिफोनच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या ऑफिसात एक ड्रॉवर आहे. त्यात जुन्या वायरी, चार्जर आणि कुठल्या मशीनचे ते आता कुणालाच न आठवणारे स्क्रू पडलेले असतात. कुणी टाकले विचाराल, तर कुणीच नाही! किश्श्यांचंही तसंच होतं. परवा निपाणीहून दोस्त आले होते. "महादेव, तू बेंगळुरात नेमकं करतोस तरी काय?" म्हणाले. सांगायला बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली.

आमचं ऑफिस बसवनगुडीत, एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलच्या, डोक्यावर. खालून दिवसभर डोशाचा आणि फिल्टर कॉफीचा वास येतो, त्यामुळे नोकरी सोडायचा विचार कुणाच्या मनात फार वेळ टिकत नाही. शाळा, दवाखाने, कंपन्या यांना आम्ही फोनची सिस्टिम बसवून देतो. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. त्यात रूल आम्ही लिहायचे. बाहेरून आलेला कॉल कुणाकडे जाईल, त्यानं नाही उचलला तर पुढं कुणाकडे, वगैरे. सिस्टिम हे रूल वरून खाली वाचत जाते आणि जो पहिला लागू पडेल तो लावून मोकळी होते.

मालक आमचे अण्णा. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आलं ते इथलंच झालं. मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं की पुण्याच्या माणसाला निम्मं कळत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं, "सॉफ्टवेअर फुकट आहे, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?"

अण्णा म्हणाले, "सॉफ्टवेअर फुकट, सरी, बरोबर आहे. अक्कल फुकट कुठं मिळते ते तुम्हीच सांगा, मी पण घेतो!"

*

जवळच एक साड्यांचं दुकान आहे, दोन भावांचं. भाऊ एका छताखाली बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. मी सिस्टिम बसवली आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, "तुम्ही फोन उचलला नाही तर कॉल कुणाकडे पाठवू?"

थोरला म्हणाला, "त्याच्याकडे." धाकटाही म्हणाला, "त्याच्याकडे."

झालं! गिऱ्हाइकाचा कॉल थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून थोरल्याकडे, असा गोल गोल फिरायला लागला. बिचारी सिस्टिम फिरून फिरून बसली.

अण्णा स्वतः गेले. दोघांना एका सोफ्यावर बसवलं आणि म्हणाले, "शेवटी फोन कोण उचलणार ते ठरवा. मी खाली कॉफी पिऊन येतो." परत आले तर भाऊ चक्क बोलत होते. थोरला म्हणत होता, "तुझा आवाज गोड आहे, तू उचल." धाकटा म्हणत होता, "असं कसं? तुम्ही मोठे, मान तुमचा!"

भांडण मिटलं. रूलचं काही ठरलं नाही ते नाहीच!

*

हेब्बाळला तळ्याजवळ एक मोठी सोसायटी आहे. तिथले अध्यक्ष भारी माणूस. त्यांना कळल्याशिवाय सोसायटीत पान हलता कामा नये. मला म्हणाले, "आतला कुठलाही कॉल आधी माझ्या फ्लॅटवर आला पाहिजे. मग मी ठरवीन."

मी म्हटलं, "सर, लिफ्टमधलं इमर्जन्सी बटण तरी सिक्युरिटीला जाऊ दे."

"आधी माझ्याकडे!"

साहेबांची आज्ञा. त्यांचा रूल सगळ्यांत वर ठेवला. काही दिवसांनी लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत कोण? अध्यक्ष! त्यांनी बटण दाबलं, फोन त्यांच्याच फ्लॅटवर वाजला आणि त्यांच्या मिसेसनी उचलला.

"अगं, मी लिफ्टमध्ये अडकलोय!"

"असू दे. कोथिंबीर घेतलीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. लिफ्टचा रूल वर घ्या म्हणाले, आणि आवाज कमालीचा नम्र होता.

*

आमच्या ऑफिसातली केतकी पुण्याची. आली तेव्हा अण्णांचं बोलणं ऐकून माझ्याकडे बघायची, मी भाषांतर करायचो. कामात मात्र वाघीण. तिला पहिलंच काम मिळालं देवनहळ्ळीच्या एका शाळेचं. शाळेच्या वेळेत फोन ऑफिसात वाजायचा आणि इतर वेळी 'शाळा बंद आहे' अशी टेप लागायची. रूल एकदम बरोबर लिहिला होता. फक्त मशीनचं घड्याळ लंडनच्या वेळेवर राहिलं!

त्या सकाळी नेमकी स्कूलबस उशिरा आली. आई-वडिलांनी फोन केले, तर टेप म्हणते शाळा बंद. ज्याला त्याला बरंच वाटलं, पोरांना घेऊन सगळे घरी गेले. दुपारी पोरं परतायच्या वेळेला टेप थांबली आणि शाळा उघडली.

हेडमिस्ट्रेसबाई फोनवरून आग ओकत होत्या. केतकी खुर्चीत पांढरीफटक होऊन बसलेली. "आय अ‍ॅम डन, महादेव," म्हणाली. "मी आजच रिझाइन करते."

फोन घेतला सरोजक्कांनी. त्यांच्याविषयी आता सांगायलाच हवं. अक्का म्हणजे आमच्या ऑफिसच्या दाराशी बसून फोन उचलणाऱ्या बाई. अण्णांच्याच गल्लीतल्या. कानडी, मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी, समोरचा ज्या भाषेत ओरडेल त्या भाषेत शांतपणे उत्तर देणार. आणि त्यांची एक सवय होती. नमस्कार झाला की कुणालाही पहिला प्रश्न, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का?

हेडमिस्ट्रेसबाईंनाही तेच विचारलं. बाईंचा आवाज एकदम खाली आला. मग बाई बोलायला लागल्या, आणि अक्का हं, हं करत ऐकत राहिल्या. केतकी घड्याळ दुरुस्त करायला देवनहळ्ळीला पोचली तेव्हा तिच्यासाठी कॉफी तयार होती. निघताना पोरांनी तिला गराडा घातला.

"मिस, परत कधी येणार?"

राजीनामा राहून गेला.

*

दुसरा एकजण, कॉफी पावडरचा दुकानदार, सकाळपासून फोन बंद म्हणून शिव्याच द्यायला लागला. अक्कांनी विचारलं, "ऊट आयता?"

"फोन बंद असताना घास कसा उतरेल?"

"आधी जेवून घ्या. तोवर आमचा मुलगा पोचतोच."

मी पोचलो तर फोन चालू! दुकानदार तृप्त चेहऱ्यानं म्हणाला, "जेवलो, हात धुवायला उठलो आणि दिसलं. झाडूवालीनं प्लग काढला होता. भुकेल्या पोटी दिसलाच नाही बघा."

*

आणि मग हेब्बाळच्या टेक पार्कमधल्या एका कंपनीचे मॅनेजर आमच्याकडे आले. काम मोठं होतं, इतकं मोठं आजवर आम्हाला कधीच मिळालं नव्हतं. मॅनेजर दारातून आत आले, अक्कांना फोन उचलताना बघितलं आणि हसले.

"तुम्ही आम्हाला ऑटोमॅटिक सिस्टिम विकणार, आणि तुमच्याकडे फोन बाई उचलतात? आधी स्वतःकडे बसवून दाखवा. मग बोलू."

अण्णांनी एकदा अक्कांकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी."

मॅनेजर गेल्यावर जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला. आमच्याच फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' लागणार म्हटल्यावर दाराशी बसणाऱ्या माणसाचं काय काम, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. अण्णांनी अक्कांना जा म्हटलं नव्हतं, पण थांब असंही म्हटलं नव्हतं. अक्कांनीही विचारलं नाही. त्या रोज जाताना एकेक वस्तू घरी न्यायला लागल्या. आधी स्टीलचा पेला गेला, मग खिडकीतली मनीप्लांटची बाटली. एका संध्याकाळी खुर्चीवरची उशी बगलेत मारून त्या जिना उतरल्या. ती निळी उशी मी आलो तेव्हापासून त्या खुर्चीवर होती.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, घरी आराम मिळेल तुम्हाला."

"आराम काय करायचा रे? घरी मला कोण फोन करतं? इथं सगळं गाव करतं."

*

'एक दाबा, दोन दाबा'च्या मेनूला आवाज हवा होता, आणि आमच्यात चांगला आवाज एकच. अण्णांना विचारायचं धाडस होईना, म्हणून मला पुढं केलं. अक्का हसल्या.

"म्हणजे माझ्याच आवाजात मला घरी पाठवताय होय रे?"

हसल्या त्या एकट्याच.

रेकॉर्डिंगला बसल्या तर वेगळीच पंचाईत. "कन्नडसाठी एक दाबा" एवढं म्हणून थांबायचं, तर त्यांना राहवायचं नाही. "दाबलं का?" असं विचारायच्याच! केतकी म्हणायची, "अक्का, तिकडे कोणी नाहीये. मशीन आहे."

"मग मी बोलतेय कुणाशी?"

केतकीनं हेडफोन काढला. आमच्याकडे मेनू हवाच, असं आल्या दिवसापासून म्हणणारी तीच होती. मग म्हणाली, "परत घेऊ, अक्का. दाबलं का, राहू दे त्यात. छान वाटतंय." रूल मीच लिहीन असंही तिनं अण्णांना सांगून टाकलं. लिहिताना स्क्रीन मला दाखवली नाही.

*

सिस्टिम सुरू झाली. मॅनेजर म्हणाले होते, "मी हवं तेव्हा फोन करून टेस्ट करीन." त्या दिवशी अण्णा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. अक्का उशीशिवायच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि अधूनमधून त्यांचा फोन वाजत होता. त्या उचलत होत्या, बोलत होत्या. अजून मेनू नीट चालत नसेल, असं मला वाटलं.

दुपारनंतर अण्णांच्या मोबाइलवर मॅनेजरांचा फोन आला. अण्णांनी घाबरत स्पीकर लावला.

"अण्णा, हे काय बनवलंय तुम्ही?"

"का सर? बिघडलं का?"

"बिघडलं? अहो, मी कन्नडसाठी एक दाबलं. तोच आवाज कन्नडमध्ये बोलला. परत फोन करून इंग्रजीसाठी दोन दाबलं. तोच आवाज, फर्स्ट क्लास इंग्रजी! मुद्दाम काहीच दाबलं नाही, तरी बोलला! मग मी कोड्यात टाकायला अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी बोललो. सगळं समजलं! आणि मला विचारतो, ऊट आयता?"

अण्णांनी केतकीकडे बघितलं. केतकी स्क्रीनकडे बघत होती.

"मी नाही म्हटलं, तर मला रागावला! आधी जेवा, काम कुठं पळून जात नाही म्हणे. मी गेलो, जेवलो. परत फोन केला तर विचारतो, आता बरं वाटतंय का? त्याच्या लक्षात होतं, अण्णा! कुठला एआय घातलाय यात? आम्हाला मोठमोठ्या कंपन्यांनी डेमो दिलेत, हे फीचर कुणाकडे नाही. आम्हाला हेच पाहिजे!"

अण्णांनी मोबाइलवर हात ठेवला. "केतकी, कुठलं बटण कुणाकडे जातं?"

"सगळी अक्कांकडे, अण्णा." तिनं मान वर केली नाही. "आणि काही नाही दाबलं तरी अक्कांकडे. डिफॉल्ट आहे."

अण्णांनी हात काढला, घसा साफ केला.

"सर, ते सॉफ्टवेअर नाही. ती आमची सरोजा आहे."

एवढं मोठं काम माझ्या डोळ्यांसमोर हेब्बाळच्या तळ्यात बुडालं. मग मॅनेजर असे हसले की स्पीकर फाटला असता.

"म्हणजे मी सकाळपासून एका बाईंशी बोलत बटणं दाबत होतो?"

"होय सर. सिस्टिम सगळी देतो. सरोजा मिळणार नाही."

"मग हे आमच्याकडे कसं होणार?"

"तुमच्या रिसेप्शनला कोण असतं?"

"आहेत एक मॅडम."

"मग झालं की! शेवटचा रूल त्यांच्या नावाचा लिहू. तुम्ही बोलवा, आम्ही येतो."

"उद्याच या," मॅनेजर म्हणाले. "आणि जेवायलाच या."

तोवर दाराशी अक्कांचा फोन संपला होता. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि तिथूनच विचारलं, "कोण होतं अण्णा? काय म्हणतात?"

"काही नाही गं," अण्णा म्हणाले. "उद्या येताना ती उशी घेऊन ये."