नंतर काही नाही

माझ्या सासऱ्यांनी आमच्या घरी आल्यावर पहिले अकरा दिवस बॅग रिकामी केली नाही. लागेल तो शर्ट काढायचा, चेन लावायची आणि बॅग पुन्हा पलंगाशेजारी उभी करून ठेवायची, असं चाललं होतं. मी कपाटातले तीन कप्पे त्यांच्यासाठी मोकळे करून ठेवले होते. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी कप्पे बघायचे. रिकामेच. बाराव्या दिवशी मी चिडून विचारलं तर म्हणाले, "राहू दे गं. पाहुण्याला कशाला हवेत कप्पे?"

सासूबाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बाबा साताऱ्याच्या घरात एकटे होते, आणि नवऱ्याने महिनोन्‌महिने मिनतवाऱ्या केल्यावर तीन महिन्यांसाठी जर्मनीत, आमच्याकडे बॉबलिंगेनला यायला तयार झाले होते. तेही अट घालून. "एकदा येऊन जातो. मग पुन्हा म्हणायचं नाही." नवऱ्याने ती अट मान्य केली, मी केली नाही. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात सकाळी खाकरणारं, रेडिओचा आवाज कमी कर म्हणणारं एक मोठं माणूस असावं, असं मला फार वाटायचं. ते दरवर्षी यावेत, एवढीच माझी इच्छा होती, आणि समोर ती बॅग उभी होती.

त्यांच्या व्हिसाचा फॉर्म मीच भरला होता. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, असं फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले होते, "निवृत्त लिही. नंतर काही नाही." मला वाटलं, पुढचा रकाना मोकळा सोड म्हणतायत.

आता माझ्या एका खुळाबद्दल सांगायला हवं. मी जर्मनीत नवीन आले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते, आणि रविवारी इथे दुकानंसुद्धा बंद असतात. वाचनालयातून मी एका ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या डीव्हीडी आणायला लागले. कित्येक दशकं चाललेली मालिका, नायक बदलत गेले, राक्षस पुठ्ठ्याचे, भिंती हलायच्या. माझं अर्धं जर्मन मी त्या राक्षसांच्या डब केलेल्या तोंडून शिकले. मग कळलं की शेजारच्या झिंडेलफिंगेनमध्ये या मालिकेच्या चाहत्यांचं मंडळ आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत जमतं. मी गेले आणि अडकले.

हे मंडळ मालिका बघून टाळ्या वाजवणाऱ्यांचं नव्हतं. शेवटी जर्मन माणसं ती. मालिकेत एका-दोन भागांपुरतं येऊन गेलेल्या प्रत्येक नटाचं त्यांनी कार्ड केलं होतं. भूमिका कोणती, आधी काय केलं, नंतर काय केलं. कोणी पुढे सिनेमात गेलं, कोणी नाटकात नाव काढलं, कोणी आयुष्यभर वेगवेगळ्या मालिकांत फक्त इन्स्पेक्टर झालं. लाकडी खणांत हजारेक कार्डं असतील. अध्यक्ष म्हणजे निवृत्त भूमापक, जमीन मोजल्यासारखीच माणसं मोजायचे. ज्या नटाचं पुढे कुठेच नाव सापडत नसे, त्याच्या कार्डाच्या तळाशी ते सुंदर अक्षरात लिहायचे : डानाख निश्ट्स.

घरी आणून नीट करायची अशी कार्डांची एक पेटी माझ्याकडे होती. बाबांचा कंटाळा जावा म्हणून एका शनिवारी सकाळी मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि त्या पेटीतल्या एका कार्डावरच्या नटाचा भाग लावला. "बाबा, यात मुख्य माणसं दोनच. बाकी सगळे पाहुणे कलाकार," मी सांगितलं. कार्डावरच्या जर्मन शब्दाचा सरळ मराठी अर्थ तोच होतो. ते ऐकून बाबा पाठ ताठ करून बसले. मला वाटलं, उशी टोचत असेल.

पडद्यावर एक पहारेकरी आला. डोक्यावर जर्मनच्या पातेल्यासारखं शिरस्त्राण. "कोण आहे तिकडे?" म्हणाला, "दार उघडू नका" म्हणाला, "माझ्या मुलीला सांगा" एवढं म्हणाला आणि हिरव्या धुरात मेला. पण मेला मात्र झकास. भिंतीला हात लावत लावत, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताने खाली बसला. भिंतही थोडी हलली.

"हे पाहुणे कलाकार?" बाबांनी विचारलं.

"हो."

"वाटलंच. काय मेले! कार्डात काय लिहिलंय बघ बरं यांच्या."

मी कार्ड काढलं. आधी दोन नाटकं, मग हा पहारेकरी, आणि तळाशी ते दोन शब्द.

"नंतर काही नाही," मी वाचलं.

बाबांचा आवाज चढला. सासूबाई गेल्यानंतर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "काही नाही म्हणजे? इतका मोठा माणूस आणि नंतर काही नाही? मेला का तो?"

"मेले नाहीत बहुतेक. पण मोठे कुठे? तीन वाक्यं आहेत त्यांना."

"तूच म्हणालीस ना पाहुणे कलाकार म्हणून!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत खाली चौकट असते, ठळक अक्षरांत ‘पाहुणे कलाकार’, आणि त्या चौकटीत ज्याच्यासाठी तिकिटं खपतात तो माणूस असतो. त्याला नारळ देतात, शाल देतात. बाबांच्या हिशेबी हा पहारेकरी म्हणजे खास विनंतीला मान देऊन आलेला कोणी थोर नट होता. मी हसत हसत सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत.

"तरी पाहुणाच ना?" ते म्हणाले. "बोलावल्याशिवाय आला नाही ना? मग त्याला विचारायला नको, नंतर काय केलंत म्हणून?"

कार्डाच्या मागे पत्ता होता, वेल्समधला. मंडळाने पूर्वी एक छापील प्रश्नावली पाठवली होती, तिला उत्तर आलं नव्हतं, तशी नोंदही होती. बाबांनी कोरे कागद मागितले. ते पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, जन्मभर पत्रं लिहिली. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर त्यांचं ऑफिस थाटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मसुदा माझ्यासमोर ठेवला. वर कोपऱ्यात मराठीत जा. क्र. १. मग इंग्रजीत, आदरणीय पाहुणे कलाकार महोदय. खाली, विषय : आपले मरण. संदर्भ : या मंडळाचे अनुत्तरित पत्र.

"बाबा, विषय बदला हो! म्हातारा माणूस आहे, पाकीट उघडून पहिलंच हे वाचलं तर खरंच जाईल."

"विषय स्पष्ट असावा," बाबा म्हणाले.

पुढचं पत्र वाचायला मात्र मी खुर्ची ओढून बसले. आपण पाहिलेलं मरण कसं होतं, भिंतीला धरून बसणं का आवडलं, हे त्यांनी मुद्देसूद लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की मीही एकदा काम केलं आहे. खात्याच्या स्नेहसंमेलनात शिपाई झालो होतो, वाक्य एकच होतं, "साहेब, तार आली आहे." माझी पत्नी प्रेक्षकांत होती. त्यानंतर घरी पोस्टमन आला, की साधं विजेचं बिल असलं तरी ती मला ते वाक्य हळूच तिच्या कानात म्हणायला लावायची. ती आता नाही. आपण नंतर काय केलंत ते कृपया कळवावे.

हे वाक्य ना नवऱ्याला माहीत होतं, ना मला. नवरा पत्र वाचून उठला आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागला. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी बाबांना मंडळात घेऊन गेले. पत्र मंडळाच्या नावे जायचं तर अध्यक्षांची संमती हवी. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि कोपऱ्यातल्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवलं. "जा. क्र. एक," मी वाचून दाखवलं. "या, या," अध्यक्ष मान डोलवत म्हणाले; जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात. जावक क्रमांकाची पद्धत समजावल्यावर तर ते बाबांकडे सख्खा भाऊ सापडल्यासारखं बघायला लागले. "गेनाऊ!" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. विषयाच्या ओळीवर मात्र थांबले, आणि मला वाटलं, आता खोडतील. "आल्झो, तर मग," ते शेवटी म्हणाले, "विषय स्पष्ट आहे."

पत्र गेलं. बाबा रोज अकरा वाजता खाली पत्रपेटीशी जायला लागले. सुपरमार्केटची पत्रकं घेऊन वर यायचे. तीन आठवडे झाले, चार झाले. जायचा दिवस जवळ यायला लागला आणि मला त्या अनोळखी म्हाताऱ्याचा राग यायला लागला. एक ओळ खरडायला काय जातं मेल्याचं! बाबांनी आशा सोडली तर बॅगेसकट सगळंच संपलं, असं मला वाटत होतं. एकदा तर मीच खोटं पत्र लिहावं असा विचार मनात आला. पण बाबांनी लिफाफ्यावरचा शिक्का आधी पाहिला असता.

निघायला नऊ दिवस असताना, शनिवारी, बाबा आंघोळीला गेले होते म्हणून पत्रपेटी मी उघडली. आत एक पाकीट, त्यावर ब्रिटनच्या राणीचं तिकीट. मी जिने धावत चढले. बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि मी दारात ताठ उभी राहून म्हणाले, "साहेब, तार आली आहे."

त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला, आणि बराच वेळ काढला नाही. मीही रडले. मग म्हणाले, "आधी तारीख बघ. आवक क्रमांक घालायचाय."

पत्र चार पानी होतं. पहारेकऱ्याने लिहिलं होतं की या भूमिकेनंतर कुठूनच बोलावणं आलं नाही, तेव्हा मुलगी लहान होती, म्हणून फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायला लागलो. डोंगरातल्या गावांतून पुस्तकं घेऊन फिरलो, निवृत्त होईपर्यंत. गावोगावची मुलं मला ओळखायची आणि पुस्तक परत करताना मरून दाखवा म्हणायची. मी मरायचो. पुस्तकांच्या फळ्या धरून मरायला जास्त सोपं जातं, त्या हलत नाहीत. मग शेवटी लिहिलं होतं : "तुमच्या मंडळाचा छापील कागद आला होता. त्यात चौकोन होते. सिनेमा, नाटक, दूरदर्शन आणि काही नाही. माझ्यासाठी एकच चौकोन होता, आणि त्यात खूण करावीशी वाटली नाही. पाहुणा कलाकार असं मला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं."

त्याच दुपारी मंडळात अध्यक्षांना मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते लाल झाले. ते चौकोन त्यांनीच आखले होते. उठून त्यांनी खण उघडले आणि ‘डानाख निश्ट्स’वाली कार्डं वेगळी काढायला सुरुवात केली. दोन खोकी भरली. ती त्यांनी बाबांसमोर सरकवली.

त्या आठवड्यात बाबांनी सहा पत्रं लिहिली. जायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "उरलेली साताऱ्याहून लिहा. पाठवून देऊ का खोकी?"

"नको," बाबा म्हणाले. "उत्तरं या पत्त्यावर येणार. आवक इथे आणि जावक तिथे, असं चालत नाही." मग म्हणाले, "दोन स्वेटर ठेवून जातो. वरच्या कप्प्यात ठेवलेत."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ते परत बॅगेत घातले असते.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा व्हिसाचा फॉर्म छापून पेन घेऊन बसले आणि साताऱ्याला फोन लावला. तोवर चार उत्तरं आली होती. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, मग तो रकाना आला.

"व्यवसाय, निवृत्त," मी म्हणाले. "बरोबर ना?"

"बरोबर," बाबा म्हणाले. "आणि नंतर?"

"फॉर्मवर जागा नाही हो, बाबा."

"तुझ्याकडे कार्ड असेल ना एखादं कोरं?"

होतं. मी फॉर्मवर निवृत्त एवढंच लिहिलं, कारण मला व्हिसा हवा होता. मग कोरं कार्ड पुढे ओढलं, वर लिहिलं, भूमिका : शिपाई, वाक्य एक. बाबा सावकाश सांगत गेले, मी बारीक अक्षरात उतरवत गेले. पहिली बदली, कोयनेचा पूर, भाड्याची खोली, खोलीवर पहिल्यांदा आलेल्या सासूबाई, दारावर आलेला पोस्टमन. कार्डाची पुढची बाजू भरली तेव्हा माझा नवरा अजून जन्मायचा होता. मी कार्ड उलटं केलं.