सदर बाजारातले सीक कबाब

आज ऑफिसातून थकून परतताना निखाऱ्यावर जळणाऱ्या चरबीचा वास आला आणि नागपुरातली एक संध्याकाळ आठवली.

कोराडीच्या वीज केंद्रात दिवसभर कोळशावर राबलेले बाबा मला सदर बाजारात सीक कबाब खायला घेऊन गेले होते. मी त्यांच्याच केंद्रात टायपिस्ट म्हणून लागले असते, तर त्यांना लवकर नोकरी सोडता आली असती. मला पुण्याला शिकायचं होतं. आईकडून त्यांना ते कळलं होतं.

कबाबवाले चाचा ओल्या हाताने सळईवर खिमा थापत होते.

"हे तुले कोणं शिकवलं गा?" बाबांनी विचारलं.

"आज्यानं. कामठीच्या छावणीत गोऱ्यांचा खानसामा होता. पलटन गेली, सळया राहिल्या."

"आता पोरगा हेच करते का?"

"नाही बाबूजी. त्याले या धुरात कायले बसवू?"

बाबांनी निखाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाय वं पुण्याले," ते मला म्हणाले. मग चाचांना, "उलटव गा, जळून राहिलं."

मी आनंदाने खात राहिले. ते किती थकले होते, हे आता माझेच खांदे दुखतात तेव्हा कळतं.