शेवटचा अर्धा फेरा

रेडिओच्या बॅकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, पेटीत स्क्रू बसवायचे माझे नियम चार. एक, स्क्रू भोकापेक्षा लांब नको. खराट्याची काडी आत घालून खोली मोजायची. दोन, टोकदार नको, तो लाकडासाठी. तीन, आधी उलटा फिरवायचा. ‘टक्’ झालं की जुने आटे सापडले, मग सुलटा. चार, डोकं टेकलं की थांबायचं. बॅकेलाइट लाकडासारखं दबत नाही, तडकतं.

निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. कळंबला आमचा बैलगाड्या बनवायचा कारखाना होता. सोलापुरात राहून मी रेडिओ दुरुस्ती शिकून आलो, तेव्हा थोरल्या भावानं कारखान्याचा पुढचा कोपरा मला दिला. अट एकच. “पोळ्यापर्यंत बघू. न्हाय चाललं तर गप वाकस हातात घ्यायचा अन् लाकडं तासायची.”

पहिलं मोठं गिऱ्हाईक एक आडत्या. त्याचा बॅटरीवर चालणारा रेडिओ हमालानं वाकळंत गुंडाळून आणला. “नीट झाला तर पेठेतले बाकीचे रेडिओ बी तुमच्याकडंच,” असं तो म्हणून गेला. म्हणजे माझा कोपरा त्या एका रेडिओवर टिकायचा होता.

तार सुटली होती, ती तासाभरात जोडली. मागच्या झाकणाचा एक स्क्रू मात्र हरवलेला. डबाभर स्क्रू धुंडाळण्यात सकाळ गेली. शेवटी एक जुळला. त्याचं टोक कानशीनं घासून बोथट केलं, खाली जुन्या वहाणेच्या कातड्याची चकती घातली.

आडत्या न्यायला आला तेव्हा चौथा स्क्रू टेकला होता. मी थांबलो. भावानं येऊन झाकणाला बोट लावलं.

“हे ढिलं हाय.”

“आण्णा, असंच ठेवायचं असतंय. लाकूड न्हाय ते.”

“आता तू मला पेच शिकीव! मालक, सोलापूरला गेलता ह्यो. मनगट तिथंच इसरून आलाय.”

आडत्या हसला आणि हमालाला हाक मारायला दारात गेला. भावानं माझ्या हातातला पेचकस घेतला. अर्धाच फेरा दिला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. कोपऱ्यापासून वरपर्यंत चीर गेली.

आडत्या वळला तेव्हा पेचकस परत माझ्या हातात होता.

“जास्ती आवळलं बघा पोरानं,” भाऊ म्हणाला. “हात नवा हाय.”

मी भावाकडं पाहिलं. तो दाराकडं पाहत होता. गिऱ्हाइकासमोर थोरल्याला खोटं पाडायची रीत आमच्या घरात नव्हती.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

आडत्यानं रेडिओ स्वतःच वाकळंत गुंडाळला. “हात जड हाय तुमच्या धाकट्याचा,” एवढंच बोलला. पेठेतला एकही रेडिओ आला नाही. पोळ्याची वाटही पाहावी लागली नाही. त्याआधीच मी वाकस घेऊन गाड्यांच्या कामाला बसलो होतो.

पंचवीसेक वर्षांनी, मागच्या उन्हाळ्यात, पुतणीच्या लग्नात भावानं हा किस्सा पंगतीत रंगवून सांगितला. धाकट्यानं रेडिओ कसा फोडला, आडत्याचं तोंड कसं झालं. सगळे हसले. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आता खरंच तसंच आठवतं.

“खरं का न्हाय रं?” त्यानं मला विचारलं.

“व्हय, आण्णा,” मी म्हणालो. या वेळी तर समोर गिऱ्हाईकही नव्हतं.