पालखीखालचा घागरा

आमच्या घरात परदेशी म्हणावी अशी एकच वस्तू होती: चुलत आजोबांचा घागरा. चुलत आजोबांना सगळी वाडी आबा म्हणायची. घागरा होता स्कॉटलंडच्या एका पायदळ पलटणीतला, तिथले शिपाई नेसतात तो. जाड लोकरीचा, हिरव्या-निळ्या चौकटींचा. दुसऱ्या महायुद्धात आबा इंग्रजांच्या फौजेतून इटलीत होते आणि त्यांच्या शेजारीच त्या पलटणीचा तळ होता. निघताना तिथल्या एका बॅगपाइपवाल्याने आबांचं घरून नेलेलं घोंगडं मागून घेतलं आणि बदल्यात आपला घागरा दिला. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या आमच्या वाडीत तो पत्र्याच्या ट्रंकेत असायचा. कधीमधी उन्हात पडायचा, तेव्हा शेळ्या त्याच्याकडे संशयाने बघायच्या.

मी वाढलो पत्रकांवर. वडील मुंबईत गिरणीत होते. दर खेपेला खाऊबरोबर युनियनची पत्रकं आणायचे. खाऊ संपायचा, पत्रकं उरायची. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यात, महाडला कॉलेजात असताना, परदेशी कंपन्यांविरुद्ध लिहायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या शिमग्याला मी वाडीसाठी खास पत्रक काढलं: यंदा होळीत परदेशी वस्तू जाळा. वाडीने ते मन लावून वाचलं आणि अडचण सांगितली, की जाळायला परदेशी काही नाही. शोधून शोधून थंड पेयाची एक बाटली निघाली. ती काचेची, आणि तिच्यात रॉकेल.

"आबांचा घागरा हाय ना," कुणीतरी म्हणालं.

त्याने चेष्टा केली होती, पण मी तत्त्वाचा माणूस. दुपारी माळावर होळीची लाकडं रचली जात होती, तिथेच उभं राहून मी त्या पलटणीचा इतिहास सांगितला. वाचनालयातून नुकताच काढला होता. आफ्रिका असो, आपला मुलूख असो, जिथे इंग्रजांना राज्य हवं होतं तिथे बोटीतून आधी हे घागरे उतरले! लोकांनी काम थांबवून ऐकलं. विसावा कुणाला नको असतो?

आबा सुपारी कातरत बसले होते. "सगलं खरं हाय," ते म्हणाले. "पन त्यांच्या डोंगरातल्या जमिनी जमीनदारानं मेंढ्यांसाठी काढून घेतल्या, मंग पोरं पलटनीत गेली. हे लिवलंय का तुज्या बुकात?"

"लिहिलंय. म्हणून दुसऱ्याचा देश घ्यायचा?"

"नाय घ्यायचा. आन मी रे? मी कुनाच्या राज्यासाठी इटलीला गेलो होतो? मला पन टाक होळीत."

"सरका, आबांना जागा करा!" लाकडांवरून एकजण ओरडला. सगळे हसले. आबा मात्र उठून घरी गेले, घागरा घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने लाकडांवर ठेवला.

"घे. पन त्या गड्यानं माजं घोंगडं जपलं असंल, का तिकडं पन कुनी पत्रक काढलं असंल?"

"घोंगडं स्वदेशी आहे, आबा."

"तिकडं नाय."

एवढ्यात आबांची बायको, आमची आजी, धावत आली. "त्या घागऱ्यापायी ट्रंकेत मला लुगडं ठेवू दिलं नाय जन्मभर, आन आता जालायला आनलाव? उचला तो!"

पण उचलता येत नव्हता. होळीवर चढलेलं परत घेत नाहीत. पोरांनी चोरून आणलेली आपल्या गोठ्याची फळी समोर दिसली, तरी मालक बोंब मारतो, हात लावत नाही. आबा हात पाठीमागे बांधून, कवायतीत राहावं तसे ताठ उभे होते. बघत होते समोरच्या डोंगराकडे. मला वाटलं होतं ते भांडतील. भांडणाची माझी तयारी होती, याची नव्हती.

शेवटी ग्रामदेवतेच्या पालखीचे मानकरी म्हातारे पुढे आले. "होळीवर चढला, म्हंजे देवाचा झाला. मंग देवाच्या कामाला लावू. पालखी उद्या वाड्यावाड्यांनी डोंगर उतरनार, चढनार. पोरांचे खांदे सोलतात. दांड्याखाली जाड कापड पायजे."

"ही पळवाट आहे," मी म्हणालो.

"हायच. तू पुढचा दांडा धर."

दुसऱ्या दिवशी पालखी कशेडी घाटाच्या अंगाच्या वाड्यांकडे निघाली. दांड्याखाली माझ्या खांद्यावर घागऱ्याची घडी. लोकर अशी टोचत होती, की साम्राज्यशाहीविरुद्धचं माझं मत आणखी पक्कं झालं. आबा काठी टेकत मागून येत होते. पहिल्या वाडीत पालखी टेकली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरासा दाबला. दुसऱ्या वाडीतही. मला वाटलं, आबांनी माफ केलं. शाबासकीच आहे ही. तिसऱ्या वाडीत खांदेपालट झाली. दांडा आणि घागरा मी दुसऱ्या पोराकडे दिला, तर आबांचा हात मला ओलांडून त्याच्या खांद्यावरच्या घडीवर गेला.