पहिली बारी सुमनची

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचत आलेय. जुन्या मेंबरांना आठवत असेल, दोन-तीन जणांशी माझं कडाक्याचं भांडणही झालंय. भूतबीत काही नसतं, वायरिंग तपासून घ्या, असं मीच लिहिलं होतं. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर हसायचं ते आत्ताच हसून घ्या. आणि खाली "ताई, शांती करून घ्या" अशी कमेंट करू नका, मला शांती नकोच आहे. मला राग आलाय, आणि तो भुताचा नाही, माणसांचा आलाय.

मी जळगावात इंटिरियरची कामं करते. घरं, दवाखाने, हॉटेलं. आमचं मूळ गाव शिंदखेड्याजवळ. तिथे आमचं धाब्याचं घर होतं... म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खाली सागवानी खांब आणि तुळया. ओसरीच्या मधल्या तुळईवर दोन राघू कोरलेले आणि राघूंच्या दोन बाजूंना लोखंडाच्या दोन जाडजूड कड्या. झोक्याच्या.

खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण, हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय्य तृतीयेला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पोटभर झोपतात, चार दिवस कोणी त्यांना कामाला लावत नाही. गावभर निंबाच्या झाडांना झोके असतात. पण आमच्या आजोबांना आपल्या पोरी चार लोकांत झोका घेताना दिसायला नको होत्या, म्हणून त्यांनी ओसरीतच कड्या ठोकल्या. घ्या झोके, पण घरात! असा आमचा खानदानी रुबाब.

माझ्या दोन आत्या. थोरली अक्का, सगळं गाव तिला अक्काच म्हणतं. ती असोद्याला दिलेली. तिथे उभा जन्म गेला तरी बोली शिंदखेड्याचीच ठेवलीय, सुनांना निम्मं कळत नाही. धाकटी सुमन. तिला मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली.

कशी गेली तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आखाजीला लेक आपल्या पायाने माहेरी येत नाही. तिला न्यायला मुराळी जावा लागतो, भाऊ नाहीतर बाप. सुमनच्या लग्नात मानपानावरून आजोबांचं आणि तिच्या सासऱ्यांचं वाजलं होतं. कशावरून, तर जेवणाच्या पंगतीत कोणाला आधी बसवलं यावरून. म्हणून पहिल्याच आखाजीला आजोबांनी मुराळी पाठवला नाही. त्यांनी माफी मागू दे, मग बघू, म्हणाले. माझे वडील आणि काका, दोघे धडधाकट भाऊ, बापासमोर मान खाली घालून बसले. सुमन तिकडे पिशवी भरून दारात बसायची, असं नंतर तिच्या शेजारणीनं अक्काला सांगितलं. त्याच उन्हाळ्यात तापाने गेली. नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरी आणली.

आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. पण दिलेल्या लेकीची घागर माहेरी भरत नाहीत, ती सासरची. आणि सासरी तिची आठवण कोणाला? म्हणजे मेल्यावरसुद्धा ती कोणाच्याच मोजणीत नाही. तेव्हा अक्काने आपल्यापुरता एक नेम धरला. दर आखाजीला ओसरीत झोका बांधायचा आणि पहिली बारी, म्हणजे पाळी, सुमनची म्हणून तो रिकामा सोडायचा. पोरी कितीही ओरडल्या तरी कोणाला बसू द्यायची नाही. थोड्या वेळाने म्हणायची, व्हयनी तिनी बारी, बसा आते. मी लहानपणी शंभरदा विचारलं असेल, अक्का, कोणाची बारी? ती मला हाताला धरून बाजूला बसवायची.

तर हे घर माझा चुलतभाऊ प्रवीण याने विकलं. घराचा उतारा, सह्या, सगळं त्याच्या बाजूने, कायद्याचं मला सांगू नका. अक्काला एका शब्दाने विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा जेसीबी फिरून गेला होता. तिने फोनवर त्याला एकच विचारलं.

"घर इकं ते इकं, आखाजी बी इकी का रे?"

त्याने फोन ठेवून दिला.

आता हॉटेल. जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोलच्या पुढे हायवेला नवीन झालंय, नाव लिहीत नाही, मालकाला फुकटची जाहिरात कशाला. बाहेरून काच, आतून "हेरिटेज". मालकाने जुनं लाकूड कुठून कुठून आणून टाकलेलं, त्यातून लॉबी उभी करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी साइटवर त्या ढिगाऱ्यात मला दोन राघू दिसले. मी जवळ जाऊन हात फिरवला. डाव्या राघूची चोच लहानपणी मीच दगडाने फोडली होती, ओळखायला वेळ लागतोय होय?

काम सोडून द्यावं असं वाटलं. मग वाटलं, मी सोडलं तर दुसरा कोणी त्या तुळईच्या फळ्या पाडून बार काउंटर करेल. म्हणून मी ती लॉबीच्या मधोमध, दोन लोखंडी खांबांवर अख्खी बसवली. मालकाला कड्या कापायच्या होत्या. मी हट्टाने ठेवल्या. शेवटी त्याने त्यांना काळा ड्युको रंग मारायला लावला आणि मधल्या जागेत स्वतःच्या डोक्यातलं झुंबर लावलं — पितळी घागरी उलट्या टांगून, बुडाला भोकं पाडून, आत एलईडी. उलट्या घागरी! खानदेशात राहून या माणसाला आखाजीची घागर माहीत नाही? म्हणे, "मॅडम, रस्टिक दिसतं." झुंबर मी जाड पाइपाने बोल्ट मारून पक्कं केलं, हलायला नको म्हणून. कड्यांना काहीच टांगलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

अक्काला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. येत्या आखाजीला मला तिथे ने, एवढंच म्हणाली. दुपारभर झोका बांधू आणि पहिली बारी सोडू. घर गेल्यापासून सुमनची बारी चुकलीय, हे तिला जेवण गोड लागू देत नव्हतं. मी मालकाला विचारलं. तो खूश! ट्रॅडिशनल कंटेंट मिळेल, रील करू म्हणाला. शब्द दिला.

गेल्या वर्षी आखाजीला मी असोद्याहून अक्काला गाडीत घातलं. नवं लुगडं, हातात सुती दोर आणि घडी केलेली गोधडी. वाटेत मला म्हणाली, तू मनी मुराळी. आम्ही दोघी हसलो. तिला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

लॉबीत पाय ठेवला तर मालक आडवा आला. लॉबीतच टेबलं लावून कुठले तरी मोठे पाहुणे जेवायला बसले होते. हळूच मला बाजूला घेऊन म्हणाला, आज नको, आणि आजींना जरा मागे गार्डनमध्ये बसवा, इथे त्या... लुकला जात नाहीत.

लुकला! जिच्या बापाने त्या कड्या ठोकल्या ती लुकला जात नाही, आणि उलट्या घागरी जातात! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाहुणे घास हातात धरून बघत होते. तेवढ्यात अक्का शांतपणे पुढे गेली, त्या चकचकीत फरशीवर बरोबर तुळईखाली गोधडी अंथरली आणि बसली. दोर मांडीवर ठेवला. वर बघून म्हणाली, "दोर बांधू देतस नहीत वो बहीण. तशीच बस."

आणि कड्या हलल्या.

भरदुपार, बाहेर ऊन रणरणतंय, काचा बंद. पडद्याची झालर हलत नव्हती. झुंबर जागच्या जागी. फक्त दोन कड्या, दोन्ही एकदम, पुढे... मागे... पुढे... मागे. वाऱ्याने हलतात तशा नाही हो — ताणलेल्या, वजन पेलून असतात तशा. आणि तो आवाज, कर्रर्र... कट्. कर्रर्र... कट्. तो आवाज ऐकत मी लहानाची मोठी झालेय, तो मी झोपेतही ओळखीन. मालक भिंतीपर्यंत मागे सरकला. पाहुण्यांतल्या एक बाई उठून चक्क हात जोडून उभ्या राहिल्या.

मी अक्काकडे धावले. तिने नुसता हात वर केला.

"बसू दे तिले. तिनी बारी शे."

किती वेळ चाललं मला माहीत नाही, घड्याळ बघायचं भान कोणाला होतं. हळूहळू झोका उतरतो तशा कड्या थांबल्या. मग मी शिडी मागवली आणि वर चढून पाहिलं. जिथे दोर घासतो, बरोबर तिथला काळा रंग दोन्ही कड्यांवरून निघून आतलं लोखंड चकचकीत झालं होतं. काळ्या रंगाची भुकटी खाली अक्काच्या गोधडीवर पडली होती. लॉबीतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातही कड्या हलताना दिसतात, मी तीनदा पाहिलंय. हायवेच्या ट्रकने हललं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, ट्रकने झुंबर का नाही हललं? रंग कशाने घासला?

मालकाचा विचार दोन दिवसांत बदलला. आधी घाबरला, मग "हॉन्टेड लॉबी" म्हणून बोर्ड लावू का विचारलं, आणि मी शिव्या घातल्यावर कड्या कापतो म्हणाला. मी म्हटलं, हात लावून दाखव. माझा माणूस घेऊन मी स्वतः गेले आणि कड्या खुंट्यांसकट अख्ख्या काढल्या. अक्काही आली होती. पहिली कडी निघण्याआधी ती तुळईला हात लावून, न्यायला आलेला मुराळी बोलतो तसं मोठ्याने बोलली.

"चाल वो सुमन. भाऊ उना नही, मी लेवाले उनू तुले."

माझ्या वडिलांचा आणि काकांचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. दोघेही आता हयात नाहीत, नाहीतर तिथेच बोलून घेतलं असतं. दोन तासांची वाट होती हो त्या सासरची. एसटीने!

त्या कड्या आता असोद्याला अक्काच्या मुलाच्या स्लॅबच्या घरात, पोर्चमध्ये बसवल्यात. यंदाच्या आखाजीला मी मुद्दाम आदल्या दिवशी त्यांना पुन्हा तोच काळा रंग दिला. खरं-खोटं करायचं होतं मला. दुपारी अक्काने झोका बांधला, पहिली बारी सोडली, आणि आम्ही सगळ्या उंबऱ्यावर बसलो.

काही झालं नाही. झोका तसूभर हलला नाही. रंगाला ओरखडा नाही. मी वाट बघून बघून कंटाळले, मला रडूच यायला लागलं, एवढं करून ती आलीच नाही म्हणून. अक्काला तसं म्हटलं, तर मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. मग पोर्चमधल्या दिवाणावरची उशी तिने नीट केली आणि पोरींना दम दिला, आवाज करू नका.

"झोपी गई व्हई ती. माहेरले उन्यात का पोरी झोपतसच."