परत आलेल्या गाड्यांची वही

आमच्या मोटरसायकलींच्या गॅरेजात वह्या चार. पहिलीत आलेली गाडी आणि तक्रार, दुसरीत मागवायचे सुटे भाग, तिसरीत पत्ते आणि फोन, चौथीत परत आलेल्या गाड्या. दुरुस्त होऊन गेलेली गाडी महिन्याच्या आत त्याच कामाच्या तक्रारीसाठी परत आली, की ती चौथ्या वहीत जाते. ही वही मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू केली. नवऱ्याला ती पसंत नव्हती, पण तो ती उघडतही नसे, त्यामुळे वाद झाला नाही. बरीच वर्षं तिचं एक पान वर्षभर पुरायचं.

गॅरेज बोर्ली पंचतनच्या बाजाराबाहेर, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. लोक तक्रार आवाजातच सांगतात आणि मी ती जशीच्या तशी लिहून घेते. खोकते. चढाला रडते. चण्याच्या भट्टीसारखी वाजते. एक शेतकरी म्हणाला होता, "वयनी, गाडी बरी हाय, पण पयल्यासारखी बोलत न्हाय." तेही लिहिलं. नवऱ्याला तेवढं पुरायचं. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि आत काय सैल झालंय ते सांगायचा. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा कार्बोरेटरही कानानेच लावायचा. मीटर घेऊ या असं मी दोनदा सुचवलं. "मीटरला काय कळतं" हे उत्तर दोन्ही वेळा मिळालं.

इतकी वर्षं काउंटरला बसून मलाही इंजिनं आवाजावरून ओळखता येतात. एका सिलिंडरची मोठी फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच पेटते, म्हणून तिचा ठोका, मग मोकळी जागा, मग पुन्हा ठोका. दोन सिलिंडर असले की ती जागा भरून निघते. त्यातही काहींचे ठोके सारख्या अंतराने पडतात आणि काहींचे लंगडे, घोडा दुडक्या चालीने यावा तसे. चार सिलिंडरच्या गाडीचे ठोके मोजताच येत नाहीत, कोणीतरी मांजरपाट टराटरा फाडत असल्यासारखा एकसलग आवाज येतो. टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला पेटते. इंजिन लहान, पण आवाज दाट आणि टोकदार, आणि वेग वाढवत नेला की एका ठिकाणी तो एकदम वर सुटतो. ताकदही तिथेच सुटते. नवऱ्याचा जीव टू-स्ट्रोकवर. नव्या मिळायच्या बंद होऊन जमाना झाला, तरी चार तालुक्यांतल्या जुन्या गाड्या आमच्याकडे यायच्या.

आमच्या जवळच्या पुळणीवर हिवाळ्यात ओहोटीला मोटरसायकलच्या शर्यती होतात. आधी बैलगाड्या, मग या. ओल्या वाळूवर रस्त्यावरचे हिशेब चालत नाहीत. एकदा उरणकडचा एक ट्रकमालक चार सिलिंडरची गाडी टेम्पोत घालून आला होता. आवाज ऐकायला अर्धं गाव जमलं. सुटताक्षणी मागच्या चाकाने हातभर खड्डा केला आणि गाडी तिथेच बसली. तो उतरून म्हणाला, "पॉवर इतनी आहे ना भाई, जमीनच कमी पडते."

"मग जमीन घरूनच आणायची," नवरा म्हणाला.

नंतर त्याने मला समजावून सांगितलं. एका सिलिंडरच्या गाडीत दोन ठोक्यांच्या मध्ये चाकाला क्षणभर उसंत मिळते, तेवढ्यात ते वाळू पुन्हा धरतं. चार सिलिंडरमध्ये ओढ थांबतच नाही, एकदा चाक घसरलं की घसरतच राहतं. टू-स्ट्रोक या दोघींच्या मधली: अंगाने हलकी, म्हणून वाळूत रुतत नाही, पण ताकद एकदम येते, म्हणून मूठ जपून पिळावी लागते. ती जमली तर मोठ्या सिंगललाही, म्हणजे एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकलाही, मागे टाकते. त्याने लावलेल्या टू-स्ट्रोकने दोनदा शर्यत मारली होती. दोन्ही वेळा चालवणारा माझ्या नणंदेचा मुलगा होता. तो आता बत्तीस वर्षांचा आहे आणि अलिबागला बर्फाचा टेम्पो चालवतो.

गेल्या वर्षी गणपतीपासून चौथी वही भरायला लागली. दिवाळीपर्यंत नऊ गाड्या परत आल्या. मी त्यांची वेगळी यादी केली: गाडी, इंजिन, तक्रार, घातलेला सुटा भाग, भाग कोणत्या दुकानातला. नऊपैकी सात टू-स्ट्रोक होत्या. उरलेल्या दोन लहान फोर-स्ट्रोक, झडपा हलवणाऱ्या टॅपेटच्या टिकटिकीसाठी आलेल्या. मोठी सिंगल एकही नाही. सातपैकी एकीचं इंजिन म्हसळ्याच्या उतारावर चालत्या गाडीत जाम झालं होतं. कमी पेट्रोल मिळालं की टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागीच थांबतं. चालवणाऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं. तो भला माणूस होता, रस्त्यावरच्या खडीला दोष देऊन मोकळा झाला.

मी एकेक कारण तपासून खोडलं. भाग दोन वेगळ्या दुकानांतले होते. पेट्रोल सगळ्यांचं एकाच पंपाचं, परत न आलेल्या गाड्यांचंही. त्याच सुमारास नवऱ्याला ताप आला. थर्मामीटर काखेत धरून तो पडून राहिला. मी स्वयंपाकघरातून तीनदा बीप ऐकली आणि बाहेर आले, तर तो तसाच.

"किती वेळ धरायचा हा?" त्याने विचारलं.

"वाजला की काढायचा."

"वाजला कुठे?"

मी ते यादीखाली लिहून ठेवलं. कोणाला काही बोलले नाही.

शर्यत रविवारी होती. पंचमी होती, तिथीची पाऊणपट केली की भरती पावणेचारला येते, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमारास. शनिवारी सकाळी तोच भाचा आपली टू-स्ट्रोक घेऊन आला. नवऱ्याने तासभर कान लावून ती तयार केली. भाच्याने समोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारली. थंडीची सकाळ, हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं. पूर्ण मूठ पिळून तो गॅरेजसमोरून गेला तेव्हा इंजिनाच्या आवाजावर एक बारीक किणकिण आली, स्टीलच्या डब्यात चमचा हलावा तशी. ती आत पेट्रोल वेळेआधी पेटत असल्याची खूण. हे मला नवऱ्यानेच शिकवलं होतं.

"सुटली," नवरा म्हणाला. "काय मोकळा आवाज आहे बघ."

भाचा खाली उतरला. "मामांनी कान लावला म्हणजे बघायलाच नको. उद्या सिंगलवाले फक्त माझा धूर खाणार."

पुळणीवर तो हीच मूठ याहून जास्त वेळ पिळून धरणार होता, वाळूची ओढ होती ती वेगळी. मी त्याला बेकरीत पाठवलं.

"पाव आण. आणि ताजे नसतील तर भट्टीतून निघेपर्यंत थांब."

"मामी, सकाळीच डझन आणले ना?"

"संपतील. जा."

तो गेल्यावर मी चौथी वही आणि यादी नवऱ्यापुढे ठेवली.

"हे वाचा."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्याने हात पुसले, चष्मा शोधला, उभ्यानेच वाचलं. पान उलटून मागचंही पाहिलं.

"जेट खराब येतायत हल्ली," तो म्हणाला.

"दोन दुकानांतले आहेत. लिहिलंय."

"पेट्रोलमध्ये भेसळ."

"सिंगललाही तेच जातं. ती एकही परत आली नाही."

त्याने पुन्हा यादीवरून बोट फिरवलं. थर्मामीटरच्या ओळीपाशी ते थांबलं.

"हे काय?"

"तीनदा वाजला होता. आणि आत्ता गाडी गेली तेव्हा किणकिण आली. दोन्ही वेळा, जाताना आणि येताना."

"मला नाही आली."

"माहीत आहे."

समोरून एसटी गेली, तिच्या धुळीने दोघंही खोकलो. मग तो वही मिटून म्हणाला, "मोठ्या सिंगलचा तर सगळा आवाज येतो मला. टॅपेटपासून चेनपर्यंत."

"तो जाड आवाज आहे."

तो गाडीकडे वळला. प्लगचा पाना घेतला आणि भाच्याच्या गाडीचा प्लग काढला. इंजिनाला पेट्रोल नीट मिळत असेल तर प्लगचं टोक चॉकलेटी असतं. हे पांढरं होतं, उन्हात पडलेल्या शिंपल्यासारखं. त्याने प्लग उजेडात धरून पाहिला, मग माझ्या हातात दिला आणि कार्बोरेटर उघडायला बसला. पेट्रोल सोडणारा जुना जेट काढून दोन नंबर मोठ्या भोकाचा घातला.

भाचा पावांची पिशवी घेऊन आला तेव्हा सगळं बाकावर पसरलेलं होतं.

"काय झालं मामा? मघाशी तर सुटली म्हणालात."

मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण नवराच बोलला.

"तुझ्या मामीला आवाज पटला नाही."

"मामीला?" तो हसला. "मामी, तू कधीपासून मेकॅनिक?"

"पाव आत ठेव आणि गाडी काढ," मी म्हटलं.

"ती सांगेल तेव्हा मूठ सोडायची," नवरा त्याला म्हणाला. "मी सांगेन तेव्हा नाही."

आम्ही पाच फेऱ्या मारायला लावल्या. किणकिण पहिल्या फेरीलाच गेली होती, बाकीच्या चार माझ्या समाधानासाठी.

रविवारी माझी यादी अशी होती: पाण्याचे कॅन दोन, प्रथमोपचाराची पेटी, चादर, दोरी, जीप चालवणाऱ्याचा फोन, दवाखान्याचा फोन. शेवटच्या फेरीत चार गाड्या उरल्या: दोन मोठ्या सिंगल, एक जुळ्या सिलिंडरची आणि भाच्याची टू-स्ट्रोक. खाडीच्या तोंडाकडून सुरूच्या बनापर्यंत जायचं, तिथल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. बनाकडे पोचेपर्यंत गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात, आणि त्या दिवशी पाण्यावरून धुकं उठत होतं, त्यामुळे तेवढ्याही दिसेनात.

नवरा माझ्या डाव्या बाजूला उभा होता. सिंगलचे ठोके वाळूतून पायाला जाणवत होते. त्याची मान त्या ठोक्यांवर हलत होती, मग थांबली.

"त्याची चालू आहे?"

"आहे."

"नक्की? मला सिंगलच ऐकू येतायत फक्त."

"चालू आहे. वळसा घेतोय. मूठ सोडली. आता पिळली."

"किणकिण?"

"नाही."

"नीट ऐक."

"ऐकतेय. तुम्ही बोलू नका."

लाटांचा आवाज, लोकांच्या शिट्ट्या, त्यांच्यामधून ती एक टोकदार रेघ मला सापडत होती, हरवत होती, पुन्हा सापडत होती. हरवली की मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मग धुक्यातून सिंगल आली, तिच्यामागे दुसरी, आणि त्यांच्या डाव्या हाताला, पाण्याच्या अगदी कडेने, भाचा. जुळ्या सिलिंडरची बरीच मागे होती.

भाचा तिसरा आला. गाडी आमच्यापाशी थांबवून हेल्मेट काढलं, तोंडभर वाळू थुंकला.

"मामी, तुझ्या कानाने घात केला. वर सुटतच नाही. कोणीतरी मागून शर्ट धरून ठेवल्यासारखी."

ते बरोबर होतं. जास्त पेट्रोल दिलं की इंजिन सांभाळलं जातं, पण दाबलं जातं.

नवऱ्याने वाकून सिलिंडरला उलटा हात लावला, चटका बसेपर्यंत ठेवला. "दोन नंबर जास्त झाले. एक कमी करून बघू," तो म्हणाला. "पण तुझी मामी रिकामी असेल तेव्हा."

परत येताना मी अलिबागच्या कानाच्या डॉक्टरांना फोन करायचं यादीत लिहिलं. सोमवारी दुकान उघडलं तेव्हा चौथी वही काउंटरवर होती. शेवटच्या नोंदीखाली नवऱ्याच्या अक्षरात एक ओळ होती: टू-स्ट्रोक, भाचा, वर सुटत नाही. नियमाने ती तिथेच यायला हवी होती. मी फक्त तारीख घातली.